झाकणाआतला पंजा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पण माझ्या अंगावर जे जुनेपण तुम्हाला दिसतं, ते माझं नाही. ते अलिबागच्या धर्मा सुताराने पंधरा दिवसांत केलेलं आहे. माझं स्वतःचं जुनेपण त्याने आधी रंध्याने काढून टाकलं आणि मग हे दुसरं बसवलं. सध्या मी एका वकिलांच्या दिवाणखान्यात असते. येणारेजाणारे माझ्यावरून हात फिरवतात आणि "वा, काय जुनी वस्तू आहे!" असं म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. लाखेच्या पॉलिशखाली लाकडाला फारसं काही कळत नाही.

तरी सांगते. सांगायला माझं काय जातंय?

माझा जन्म एकोणीसशे बावीस सालचा, दिघीच्या खाडीकाठचा. कोंडाजी नावाचा म्हातारा सुतार तिथे गुणाजी कोळ्याची होडी बांधत होता. होडी पुरी झाली आणि सागाच्या चार फळ्या उरल्या. गुणाजीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. कोंडाजी त्याला म्हणाला, "गुण्या, बायको येनार तुझी. तिची लुगडी काय जाळ्यात गुंडाळून ठेवशील?" आणि त्या फळ्यांपासून त्याने मला बनवलं. म्हणजे होडी आणि मी एकाच लाकडाच्या बहिणी. ती थोरली, मी धाकटी. कोंडाजीला जन्मभर होड्यांचीच सवय, त्यामुळे त्याने माझ्या सांध्यांतही कापूस ठासला. "पान्यात पडली तरी तरंगंल," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. पेटी पाण्यात कशाला पडेल, हे त्याला कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या नादाला कोण लागणार!

गुणाजीच्या घराण्यात एक रीत होती. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात ढकलायची, त्याआधी तिला मुशी माशाचं तेल चोपडायचं. हे तेल तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, स्वतःच्या हातानेच लावायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. मग त्याच तेलात गेरू कालवायचा, त्यात उजवा पंजा बुडवायचा आणि होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उमटवायचा. होडी आपल्या माणसाचा हात ओळखते आणि त्याला घरी आणते, असं ती माणसं मानायची. पहिल्या वर्षी गुणाजी होडीचं आटपून घरी आला तेव्हा डब्यात तेल उरलं होतं आणि हाताला गेरू होताच. त्याने मला सगळीकडून तेल चोपडलं, झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला पंजा दाबला.

"अवो, माझी लुगडी लाल व्हतील की!" केसर ओरडली. केसर म्हणजे त्याची बायको, तेव्हा नवी नवरी.

"व्हऊ देत. होडीनं न्हाय वळखलं तर ही तरी वळखंल मला," गुणाजी हसत म्हणाला.

तेव्हापासून दरसाल तसंच व्हायचं. होडीला तेल, मग मला तेल, आणि झाकणाच्या आत पंजा. नवा पंजा तो जुन्या पंजावर बरोबर बसवायचा. तो पंजा दुसऱ्या कुणाचा वाटणं शक्यच नव्हतं, कारण गुणाजीच्या उजव्या हाताची तर्जनी वरच्या पेरात तुटलेली होती. लहानपणी दोराच्या फासात सापडली होती म्हणे. बाकीची बोटं पुरी आणि ते एक आखूड. वर्षामागून वर्ष गेरू साचत गेला, तेल मुरत गेलं. माझ्या अंगाला मासळीचा वास यायचा, हे मी नाकारत नाही. मला तो वास आवडायचा. तेव्हा मला आवडणं-नावडणं होतं.

सहा वर्षांनी आवडी झाली. गुणाजी-केसरचं हे एकुलतं एक लेकरू. चालायला लागली तशी ती मला धरून उभी राहायची, आणि बोलायला लागली तशी "होडीत न्या, होडीत न्या" म्हणून बापाचा जीव खायची. एकदा गुणाजीने माझं झाकण उघडलं, तिचा तळवा आपल्या पंजाच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, "ह्ये बघ. तुझं ह्ये बोट माझ्या तुटक्या बोटायेवढं झालं, का तुला होडीत घालून जंजिऱ्याला फिरवून आनतो. तवर होडीत पाय ठेवायचा न्हाय. कबूल?"

"कबूल," आवडी म्हणाली.

गुणाजीला वाटलं, चला, पोरीची भुणभुण थांबली. पण पोर शब्दाची पक्की निघाली. रोज सकाळी ती झाकण उघडून हात मोजायची. चिमुकला, कोमट हात. मला तो कळायचा. अजून पुष्कळ बाकी आहे असं दिसलं की ती झाकण धाडकन आपटायची आणि केसरच्या शिव्या खायची.

बत्तीस साली दिवाळी होऊन गेल्यावर गुणाजी दोन गडी घेऊन मासळीला गेला. मागाहून वारा फिरला. बाकीच्या होड्या दोन दिवसांत आल्या, त्याची आली नाही. फळी आली नाही, वल्हंही आलं नाही. अलीमियाँ नावाचा त्याचा एक जिवलग दोस्त होता. सुपारी-नारळ भरून दिघीहून अलिबागेला मचवा, म्हणजे मालाची शिडाची होडी, न्यायचा हा त्याचा धंदा. त्याने सगळ्या किनाऱ्यावर बंदराबंदरात विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. माझी थोरली बहीण आणि तिच्या नाळेवरचा पंजा, दोन्ही समुद्रात गेले.

केसर रडली नाही. तिने बांगड्या काढल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. कुणी विचारलं तर "त्येंना उशीर झालाय" एवढंच म्हणायची. टोपलीत सुकी मासळी भरून म्हसळ्याच्या बाजाराला जायची, येऊन भात टाकायची, पोरीला जेवू घालायची. सगळं वेळच्या वेळी करायची. तिच्याकडे बघून वाटायचं, हिला आतून कुणीतरी कुलूप घातलंय. आणि आवडी? तिचं आपलं सरळ होतं. "माझं बोट पोचलं का बा येनार," असं ती सगळ्या कोळीवाड्याला सांगत फिरायची. "कबूल केलंय त्यानं."

पुढच्या नारळी पौर्णिमेला अलीमियाँ तेलाचा डबा घेऊन दारात आला.

"केसरवहिनी, पेटी सुकत चालली. मी तेलाचा हात फिरवतो."

"नको भाई. त्येंचा हात लागंल तवा लागंल."

"अगो पन लाकूड मरंल ना."

"दुसऱ्याचा हात लागला म्हंजे ते गेले, आसं व्हतंय," केसर म्हणाली. "मला तसं करायचं न्हाय."

अलीमियाँ डबा उंबऱ्याशी ठेवून गेला. तो डबा तिथेच राहिला.

मी सुकले. तीन वर्षं मला तेल नाही. अंगाला फटी पडल्या, आणि झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात कीड लागली. रोज थोडा पिवळा भुगा लुगड्यांवर पडायचा. कीड सरळ पंजाच्या दिशेने चालली होती. केसर रोज बोटांनी मोजायची. पंजापासून कीड चार बोटांवर होती, मग तीन बोटांवर आली, मग दोन. त्याच झाकणाशी माय-लेकी दोघी मोजायच्या. लेक मोजायची ते वाढावं म्हणून, आणि आई मोजायची ते थांबावं म्हणून.

अशात पस्तीस सालच्या थंडीत अलिबागचे शिवदासशेठ दिघीला आले. जुन्या लाकडी वस्तू गोळा करायच्या, त्या डागडुजी करून बंगलेवाल्यांना द्यायच्या, हा त्यांचा व्यापार. शहरातल्या लोकांना तेव्हा जुन्या वस्तूंचं वेड लागलं होतं. मला बघून शेठ म्हणाले, "बाई, ही पेटी द्या. हिच्या बदल्यात पत्र्याची कोरी ट्रंक देतो. वर गुलाबाची फुलं रंगवलेली आहेत. कीड लागायची नाही."

केसरने ट्रंकेकडे बघितलंसुद्धा नाही. "हिची कीड जाईल का?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! माझा सुतार एका दिवसात मारतो कीड. वकिलांच्या घरी जाणार आहे ही. कोरड्या जागेत राहील, नातवंडं-पतवंडं बघतील."

"आनि बघायला आलं तर?"

"खुशाल या. वकिलांच्या बाई मोठ्या मायाळू आहेत. मी सांगून ठेवतो."

केसरने खूप वेळ विचार केला. घरात राहिली तर पंजा किडा खाणार. अलिबागेला गेली तर पंजा वाचेल, आणि वर्षातून एकदा पोरीला नेऊन मोजता येईल. मित्रांनो, लक्षात घ्या, तिने मला टाकलं नाही. तिने मला वाचवायला दिलं. फक्त आत काय आहे ते तिने शेठना सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी तिची रीत. मग परक्या माणसासमोर "हा त्यांचा हात आहे" असं कसं म्हणणार? तिची जीभच उचलली नाही. ती एवढंच म्हणाली, "झाकन जपा, शेठ."

"जपतो की," शेठ म्हणाले. आणि त्यांनी खरंच नव्या बिजागऱ्या लावून झाकण जपलं. त्यांना खोटं कसं म्हणू?

निघायच्या सकाळी आवडीने शेवटचं मोजलं. तांदळाच्या दाण्याएवढं कमी होतं.

आता माझ्यावर काय केलं ते ऐका. धर्माने आधी किडीच्या भोकांत रॉकेल ओतलं आणि भोकं लांबीने, म्हणजे खडू-तेलाच्या लगद्याने, बुजवली. मग रंधा घेतला. बाहेरून चारी बाजू झाल्या. आतून झाकणाशी आला तेव्हा त्याचा हात थांबला.

"शेठ, आत कुनाचा तरी हात हाय."

"असू दे. वास केवढा मारतोय बघ. वकिलांच्या घरात मासळी चालत नाही, आणि तेलकट लाकडावर पॉलिश धरत नाही. काढ."

धर्माने आपला पंजा त्या पंजावर ठेवून बघितला. तुटक्या बोटाशी जरा घुटमळला. मग त्याने रंधा मारला. तांबडी सालपटं निघाली. ती त्याने झाडून एका कोपऱ्यात लोटली आणि संध्याकाळी ती पेटवून त्यांच्यावर सरस तापवला. मला तेव्हा दुखायला हवं होतं. तीन वर्षं सुकून सुकून मी इतकी कोरडी झाले होते की दुखलंही नाही.

मी अगदी नवी दिसू लागले. मग मला जुनी करायचं काम सुरू झालं. धर्माने मला साखळीने झोडपलं. चाव्यांचा जुडगा कडांवर आपटून पोचे पाडले. जिथे हात लागून लाकूड झिजतं तिथे काचकागद घासला. गंजके खिळे चिंचेच्या पाण्यात भिजवून ते काळं पाणी मला लावलं, वर काताचं पाणी दिलं. कानाकोपऱ्यांत दिव्याची काजळी मेणात कालवून भरली. कोऱ्या बिजागऱ्या आठ दिवस मिठागराच्या चिखलात पुरून गंजवल्या आणि मग ठोकल्या. गंमत पुढेच आहे. किड्याची खरी भोकं बुजवली होती ना? त्यांच्याच शेजारी बारीक गिरमिटाने खोटी भोकं पाडली! वरून लाखेचं पॉलिश चढवलं, एकावर एक सात हात. माझ्या आणि जगाच्या मध्ये तेवढी भिंत झाली. तेव्हापासून कुणाचा हात गरम की गार, मला कळत नाही.

शेठनी माझ्याभोवती फिरून बघितलं. "झकास! पण धर्मा, तो पंजा होता ना, तो तसा बरा होता. जुनेपण वाटत होतं. एक काढून टाक."

धर्माने लाखेत गेरू कालवला, आपली तर्जनी मुडपली आणि पंजा उमटवला. बिचाऱ्याला आठवण होती.

"हे काय थोटं काढलंस?" शेठ म्हणाले. "शुभकार्याच्या घरात असलं चालेल का? नीट पाच बोटं काढ."

धर्माने तो पंजा स्पिरिटने पुसला आणि पाचही बोटं पसरून पुन्हा हात दाबला. तोच आज माझ्या आत आहे. ही पेटी आणि हा पंजा तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराच्या घरचा, असं वकीलसाहेब पाहुण्यांना सांगतात. कोण सरदार, ते त्यांनाही ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी केसर आणि आवडी वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. वकीलीणबाई खरोखर मायाळू होत्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला.

"कुठून गं आलात?"

"दिघीहून, बाई. चालत. म्हसळा, मानगाव, नागोठना करत सहा दिस लागले."

"अगं बाई! मचव्यातून एका दिवसाची वाट ना ती?"

"पोर होडीत पाय ठेवत न्हाय," केसर म्हणाली. "तिचं मोजायचं बाकी हाय."

बाईंना ते काही उमगलं नाही. पण "पेटी बघायची ना? बघा की," असं म्हणून त्यांनी माझ्यावरची फुलदाणी उचलली. आवडी धावतच आली. तिने झाकण उघडलं आणि सवयीने हात ठेवला. तळव्याला तळवा जुळवला. वर्षभरात ती वाढली होती. गुणाजीचं बोट तिने नक्की ओलांडलं असतं. तिचा हात मला कळायला हवा होता, मित्रांनो. आठ वर्षांची पोर सहा दिवस चालून आली होती. मला काही कळलं नाही.

तिने हात उचलला, बघितलं, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाली, "आये, बाचं बोट वाढलं."

केसर जवळ आली. तिने झाकणाच्या आत बघितलं. पाच बोटं, पाचही पुरी. तिने त्या पंजाला हात लावला नाही.

"फार जुना पंजा आहे हो तो," वकीलीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "कुणा सरदाराचा म्हणतात."

"व्हय बाई. आसंल," केसर म्हणाली.

"आये, आता मी कवा पोचनार?" आवडीचा आवाज रडवेला झाला. "आता तर पुष्कळ बाकी हाय."

केसरने झाकण लावलं. अगदी हळू, आवाजसुद्धा झाला नाही. मग ती लेकीसमोर खाली बसली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले.

"पोचायचं न्हाय आता, आवडे. अलीमियाँचा मचवा बंदराला लागलाय. त्यातनं घरी जाऊ."

"पन बा—"

"बा न्हाय येनार."

चार वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली. मग केसर रडायला लागली. त्या परक्या दिवाणखान्यात, वकीलीणबाईंसमोर, मोठ्याने. चार वर्षांचं सगळं रडणं एकदम आलं. आवडीने आईचे डोळे पदराने पुसले आणि म्हणाली, "चल, आये." दोघी उठल्या. जाताना केसरच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. घरी गेल्यावर तिने त्या काढल्या असतील.

मचवा सुटला तेव्हा आवडीने त्यात पाय कसा ठेवला, ते मी पाहिलं नाही. जंजिरा वाटेतच लागतो. तिने तो पाहिला असेल.

झाकणावर तिच्या घामेजल्या हाताचा ठसा राहिला होता. संध्याकाळी मोलकरणीने फडक्याने पुसून काढला. पॉलिशवर काही मुरत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. त्यांची कीड मारा, त्यांना तेल लावा. आम्हाला ते हवंच असतं. पण रंधा लावण्याआधी झाकण उघडून आत बघा. आत काही सापडलं तर विचारा. धर्मानेही विचारलं होतं. पण विचारलं कुणाला, तर शेठला. आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देत असाल तर लाजत बसू नका, सांगून टाका. केसरला फार बोलावं लागलं नसतं. "आत माझ्या माणसाचा हात आहे," एवढंच तिला सांगायचं होतं.